दार आपटलं की दचकतो, मग बेरा कशाला?

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा सहा आठवड्यांचा आहे. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी कानाची टेस्ट झाली त्यात डाव्या कानाला 'रेफर' आलं, परवा पुन्हा केली तर पुन्हा तेच, आता बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघायची टेस्ट) करून घ्या म्हणालेत. पण घरी दार आपटलं की तो चांगला दचकतो, सासूबाई म्हणतात ऐकू येतंय की, एवढ्याशा जिवाच्या डोक्याला वायरी कशाला. मला तर झोपेचं औषध देतील याचीच जास्त भीती वाटतेय. थोडं थांबून बघू का?

उत्तर: थांबू नका. सासूबाईंचं निरीक्षण खोटं नाहीये, पण दचकायला एक चांगला कान पुरतो आणि तुमच्या बाळाचा उजवा कान पास आहे. शिवाय दार आपटणं म्हणजे केवढा मोठा आवाज, आपलं बोलणं साधारण ५०-६० डेसिबलचं, मध्यम दोष असलेलं मूलसुद्धा दाराला दचकेल आणि बोलणं मात्र अर्धवट ऐकेल. मागून टाळी वाजवून बघणारेही बरेच असतात, तिथे हवेचा झोत लागला किंवा सावली हलली तरी बाळ वळतं.

आता 'रेफर' म्हणजे बहिरा असं नाही हं, पुढे तपासा एवढंच. तुमची झाली ती बहुतेक ओएई, कानात मऊ टोकाचा प्रोब ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या केसपेशी त्यावर जो अगदी हलका प्रतिध्वनी देतात तो माइक टिपतो. जन्मल्या जन्मल्या कानात चिकटा किंवा पाणी असतं म्हणून पहिल्या एकदोन दिवसांत रेफर खूप येतात, पण सहाव्या आठवड्यात तेच कारण धरून बसता येत नाही. पडद्यामागे पाणी असू शकतं, त्यासाठी टिंपॅनोमेट्री करतात, म्हणजे कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते बघतात, फक्त इतक्या लहान बाळाला ती १००० हर्ट्झच्या आवाजावर करायची, मोठ्यांच्या २२६ वर नाही, एवढं विचारून घ्या.

बेराच्या वायरी करंट सोडत नाहीत, फक्त वाचतात. कपाळावर आणि कानामागे स्टिकर, कानात टकटक आवाज, आणि स्क्रीनवर लाटा उमटतात. पाचवी लाट दिसतेय तोवर आवाज कमी कमी करत नेतात, ती जिथे नाहीशी होते त्याच्या जरा वरच त्या कानाची ऐकण्याची पातळी. बाळ हललं की सगळं गढूळ होतं म्हणून झोप हवी, औषधच हवं असं नाही! या वयात दूध पाजलं की झोपतात. येताना गाडीत झोपू देऊ नका, भुकेलं ठेवा, स्टिकर लागले की मग पाजा. उलट तुम्ही सहा महिने थांबलात तर तेव्हाच औषधाची वेळ येईल.

महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहाच्या आत उपचार असा हिशेब असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून सहाएक आठवडे आहेत. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलं असेल तर तेही सांगा, कारण अशा बाळांत कधी कधी ओएई पास होते आणि दोष पुढे नसेत असतो, तो बेरातच कळतो. आणि रिपोर्ट घेताना दोन्ही कानांचे डेसिबल वेगवेगळे लिहून मागा, नुसतं 'नॉर्मल नाही' लिहिलेला कागद घेऊन घरी येऊ नका.