चिकटण्याइतकंच सुटणंही मोज

प्रिय,

पालीच्या पायासारखा, गोंदाशिवाय चिकटणारा पृष्ठभाग बनवण्याच्या तुझ्या आराखड्यात ‘जास्तीत जास्त बल’ एवढंच उद्दिष्ट दिसलं. त्याच्या वर आणखी एक ओळ लिही: सोडवायला किती बल लागतं. एकदाच घट्ट बसवायचं असेल तर इपॉक्सी गोंद आहेच. पाल छतावरून धावू शकते ती पाय चिकटतो म्हणून, आणि पुढच्याच क्षणी तो अलगद सुटतो म्हणूनही.

टोके जातीच्या पालीच्या बोटाखालचा एकेक रोम साधारण ११० मायक्रोमीटर लांब असतो. टोकाला त्याच्या शेकडो फांद्या होतात आणि प्रत्येक फांदीचं चपटं टोक सुमारे २०० नॅनोमीटर रुंद असतं. तिथे गोंद नसतो. टोकं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे रेणूंमधलं क्षीण आकर्षण, पुरेसं होतं. जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली एका रोमाचं बल मोजलं, ते सुमारे २०० मायक्रोन्यूटन भरलं. त्याच कामात दिसलं की रोमाचा पृष्ठभागाशी कोन ३० अंशांच्या आसपास गेला की तो आपोआप सुटतो. तुला खरी नक्कल करायची आहे ती या कोनाची.

सुरुवात मात्र रोमांच्या जागी रबराच्या सरळ उभ्या सूक्ष्म खांबांनी कर. २० मायक्रोमीटर व्यासाचे, ४० उंचीचे, मधे २० मायक्रोमीटर जागा सोडलेले. यापेक्षा उंच आणि बारीक खांबांचा मोह आवर, ते एकमेकांवर कलून जुड्या होतात. २००३ साली भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांच्या गटाने पालीच्या पायाच्या धर्तीवर पॉलिइमाइड या प्लास्टिकची टेप केली, तिचं तेच झालं: काही वेळा लावून काढल्यावर तंतू एकत्र गोळा झाले आणि पकड गेली.

खांब ओतायला सिल्गार्ड १८४ (पीडीएमएस नावाचं दोन भागांचं सिलिकॉन रबर) घेतलंस तर १० ग्रॅम मूळ द्रव आणि १ ग्रॅम क्युरिंग एजंट, म्हणजे ते जमवणारा भाग, वजन करूनच मिसळ, अंदाजाने नाही. खांबांच्या आकाराचे खड्डे असलेल्या ५ सेंटिमीटर चौरस साच्यावर २ मिलिमीटर जाड थराला यातलं निम्मंच लागतं, उरलेल्याचा बिनखांबांचा सपाट नमुना ओत. तो पुढे लागेल. साच्याला आधी फ्लुओरोसिलेन या चिकटू न देणाऱ्या रसायनाची वाफ दे, नाहीतर खांब साच्यातच राहतील. ओतल्यावर निर्वात पात्रात अर्धा तास ठेव. खड्ड्यात हवा अडकली की खांबाचं टोक पोकळ होतं आणि हे डोळ्यांना दिसत नाही. मग ७० अंशांवर ४ तास. लेटेक्सचे हातमोजे घालू नको. त्यातलं गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला मारतं आणि हात लागलेला भाग चिकट, अर्धवट राहतो. थंड झाल्यावर एका कडेपासून सावकाश सोल.

टोकांना अळंबीसारखी टोपी दिलीस तर पकड बरीच वाढते. काचेवर न जमलेल्या पीडीएमएसचा पातळ थर काच वेगाने फिरवून पसरव, खांबांची टोकं त्यात टेकवून उचल, फ्लुओरोसिलेन दिलेल्या सपाट काचेवर उभी ठेवून जमू दे. थर जाड झाला तर द्रव खांबांमधून वर चढतो आणि सगळ्याची एक सलग वडी होते.

आता मोजणी, जिथे सर्वात जास्त चुका होतात. बारीक वजनकाट्यावर काच जड ठोकळ्याला पक्की चिकटवून ठेव, काटा शून्य कर, नमुना वरून खाली आणून दाब, मग स्थिर वेगाने उचल. सुटण्याआधी काटा जितका उणे जाईल ते तुझं बल, १ ग्रॅम म्हणजे ९.८ मिलिन्यूटन. दाब, थांबण्याचा वेळ आणि उचलण्याचा वेग दरवेळी तोच ठेव. पीडीएमएसवर वेग वाढला की आकडा वाढतो.

समांतरतेकडे लक्ष दे. १० मिलिमीटर रुंद नमुना १ अंशाने कलला तरी त्याची एक कड दुसरीपेक्षा सुमारे १७५ मायक्रोमीटर वर राहते, आणि तुझे खांब ४० चे आहेत. अर्ध्याहून जास्त खांब हवेतच. म्हणून २ मिलिमीटरचा तुकडा घे, किंवा सपाट काचेऐवजी गोलाकार भिंग वापर, त्याला थोडं कलण्याने फरक पडत नाही. शेजारी त्याच मिश्रणाचा, त्याच जाडीचा सपाट नमुना मोजलाच पाहिजे. स्वच्छ काचेवर साधं पीडीएमएसही छान चिकटतं, त्यामुळे तुलनेशिवाय तुझ्या खांबांनी काय केलं ते कळणारच नाही.

पहिला आकडा कुणालाही दाखवू नको. १, १०, १०० आणि १००० व्या वेळचे चारही लिही, आणि प्रत्येकासोबत एक कड उचलून सोलताना लागलेलं बलही. आकडा घसरला तर नमुना साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव. बल परतलं तर धूळ होती. नाही परतलं तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेव: कडेचे खांब फाटलेले असतील तर सोलण्यात घाई झाली, सगळीकडे आडवे झोपलेले असतील तर दाब जास्त पडला.