जुन्या ट्रकचा रेडिएटर: धुवावा, कोअर बदलावा की नवा घ्यावा?

एका वाचकाने विचारले आहे: त्यांचा मालवाहतुकीचा ट्रक पंधरा वर्षांचा असून आणखी तीन वर्षे तो चालवण्याचा त्यांचा विचार आहे. अनेक वर्षे रेडिएटरमध्ये साधे पाणीच भरले गेले. आता चढावर तापमानाचा काटा वर जातो. मेकॅनिकने झाकण उघडल्यावर नळ्यांत पांढरा थर दिसला आणि खालच्या टाकीच्या डाकांवर (सोल्डरच्या जोडांवर) हिरवट चट्टे आढळले. रेडिएटर तांबे-पितळेचा आहे. त्यांना मिळालेल्या अंदाजांनुसार आम्लाने धुण्याचा खर्च १ धरला, तर कोअर (रेडिएटरचा नळ्या आणि पात्यांचा मधला भाग) बदलण्याचा खर्च ६ पट, पूर्ण नव्या रेडिएटरचा ९ पट आणि इंजिन उघडावे लागल्यास सुमारे ४० पट येतो. हाताशी चार महिन्यांच्या खर्चाचा आकस्मिक निधी आणि निवृत्तीसाठीची ठेव आहे. नातेवाईक मात्र ट्रक विकून कर्जावर नवा घेण्याचा आग्रह धरीत आहेत.

माझे मत आधीच सांगतो. चाचण्यांत गंज पक्का ठरला तर कोअर बदलावा, तो खर्च आकस्मिक निधीतून करावा आणि निवृत्तीच्या ठेवीला हात लावू नये. परंतु कोणतेही मोठे बिल स्वीकारण्यापूर्वी तपासणीवर थोडे पैसे अवश्य खर्च करावेत, कारण काटा वर जाण्याचे कारण रेडिएटरच असेल असे नाही. अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह सोडणारी झडप), झिजलेला पाण्याचा पंप, सैल पट्टा, नीट न फिरणारा पंखा किंवा रेडिएटरच्या बाहेरच्या पात्यांत साचलेली धूळ यांपैकी कशामुळेही हेच लक्षण दिसू शकते. दाब देऊन गळती पाहणे, नळ्यांतून पाणी किती वेगाने जाते ते पाहणे आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे कोणते भाग थंड राहतात ते तापमापकाने तपासणे या तीन चाचण्यांचा खर्च नव्या कोअरच्या मानाने नगण्य आहे.

थर आणि गंज या दोन वेगळ्या व्याधी आहेत, हे पैशाच्या हिशेबासाठी समजून घेणे महत्त्वाचे आहे. कठीण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतून कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन गरम पृष्ठभागावर बसते. वाफ होऊन पाणी उडून जाते, क्षार मात्र आतच राहतात आणि पुढच्या भरणीबरोबर नवे क्षार येतात, त्यामुळे ही थकबाकी चक्रवाढ व्याजाच्या कर्जासारखी नकळत फुगत जाते. हा थर तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहून नेतो, म्हणून थोडी जाडीदेखील चढावर जाणवते. केवळ थर असेल तर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तो बराच निघतो आणि तेथे १ पट खर्च पुरेसा ठरतो.

गंज मात्र धातूच खातो; डाकांवरचे हिरवट चट्टे ही त्याचीच खूण असू शकते. पाण्यातील क्लोराइड आणि सल्फेट त्याला हातभार लावतात, आणि साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्ये नसल्यामुळे धातूला संरक्षण मिळत नाही. अशा रेडिएटरला आम्लाने धुतले की बारीक छिद्रे बुजवून बसलेला थरच निघून जातो आणि कालपर्यंत न गळणारा रेडिएटर उद्या गळू लागतो. म्हणजे १ पट खर्च करूनही ६ पट खर्च टळत नाही, तो फक्त गैरसोयीच्या दिवशी, बहुधा माल भरलेला असताना, समोर येतो. गळती बुजवणारी पावडर टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही नाकारावा. ती आधीच अरुंद झालेल्या नळ्या आणखी अडवते.

आता आकड्यांकडे पाहू. धुणे आणि कोअर बदलणे यांतील फरक ५ आहे, तर इंजिनाचे संभाव्य नुकसान ४०. पाचाला चाळीसने भागले की साडेबारा टक्के येतात. याचा अर्थ असा की केवळ धुऊन ट्रक चालवल्यास तीन वर्षांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकण्याची, हेड गॅस्केट (त्याखालची सील) जाण्याची किंवा पिस्टन धरण्याची (अडकून बसण्याची) शक्यता नव्या कोअरच्या तुलनेत साडेबारा टक्क्यांहून जास्त वाढत असेल, तर कोअर बदलणेच स्वस्त पडते. डाकांवर चट्टे आणि चढावर चढणारा काटा ही दोन्ही लक्षणे एकत्र असताना ही वाढ त्याहून कमी राहील असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते, आणि या हिशेबात ट्रक उभा राहिल्याने बुडणारे भाडे अजून धरलेलेही नाही. ६ पट खर्च ३६ महिन्यांवर पसरला तर महिन्याला धुण्याच्या खर्चाचा सहावा भाग येतो. तो व्यवसायाला पेलण्याजोगा आहे. पूर्ण नव्या रेडिएटरचे अधिक ३ पट पैसे मात्र टाक्याच कुजल्या असतील तरच द्यावेत. तांबे-पितळेच्या टाक्या डाक सोडवून पुन्हा जोडता येतात, ही सोय प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला नसते.

कोअर बदलल्यानंतर पुन्हा साधे पाणी भरले, तर हा सगळा खर्च वाया जाईल. क्षारमुक्त पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) निम्मे-निम्मे घ्यावे. पारंपरिक प्रकारचे कूलंट साधारण २ वर्षांनी बदलावे लागते, कारण त्यातील गंजरोधक द्रव्ये संपतात आणि ग्लायकॉलपासून आम्ले तयार होतात. इंजिनाच्या लायनरला (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीला) पाणी थेट भिडत असेल, तर त्या इंजिनासाठी सांगितलेलेच कूलंट घ्यावे. अन्यथा लायनरला बाहेरून खड्डे पडतात. ट्रकच्या अर्थिंगची तारही तपासून घ्यावी, कारण कूलंटमधून भटका विद्युतप्रवाह वाहत असेल तर नवा कोअरही लवकर खाल्ला जातो. कूलंट विषारी असून चवीला गोड असते, म्हणून काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये.

निधीविषयी आपण संकोच करू नये. ज्या वाहनावर घर चालते त्याची अटळ दुरुस्ती हे आकस्मिक निधी वापरण्याचे योग्य कारण आहे. मात्र दर महिन्याच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम बाजूला काढून तो सहा-आठ महिन्यांत पुन्हा भरावा. नव्या ट्रकचे कर्ज हा स्वतंत्र निर्णय आहे आणि रेडिएटरच्या घाईत तो घेऊ नये, कारण काम कमी असलेल्या महिन्यातही हप्ता थांबत नाही. मागील वर्षी टायरांवर झालेला खर्चही या निर्णयात आणू नये. तो परत येणार नाही.

दोन परिस्थितींत माझा सल्ला बदलेल. ट्रक सहा महिन्यांत विकायचाच असेल, तर खरेदीदाराला दोष स्पष्ट सांगून किंमत कमी करणे हे कोअर बदलण्यापेक्षा बरे. आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत शिरलेले असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा रेडिएटरवर काहीही खर्च करण्यापूर्वी इंजिनाची तपासणी करून घ्यावी आणि तो अंदाज हाती आल्यावरच ट्रक ठेवायचा की काढायचा हे ठरवावे.