लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधल्या केआय-६७ वरून आयुष्य किती उरलं ते कळतं का?

वडिलांची कानाखालची गाठ काढली, रिपोर्टमध्ये ‘केआय-६७ : ३० टक्के, पी-५३ पॉझिटिव्ह’ आलं आणि नेटवर वाचल्यापासून झोप उडाली, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे आकडे मीच लिहिते, म्हणून हा ३० येतो कुठून ते आधी सांगते.

गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. त्यावर केआय-६७ या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी टाकतात. ज्या पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत त्यांची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. मी तपकिरी ठिपक्यांची जास्त गर्दी असलेला भाग शोधते आणि शंभरात किती ते मोजते. सहकाऱ्याने थोडा बाजूचा भाग धरला तर त्याच काचेवर २० किंवा ३५ येऊ शकतात. (नावाला घाबरू नका. ही अँटीबॉडी जर्मनीतल्या कील शहरात तयार झाली, म्हणून ‘की’. ६७ हा प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या खळग्याचा क्रमांक.)

म्हणजे गाठ त्या घडीला किती वेगाने वाढत होती, याचा तो अंदाज. त्यातून वर्षं काढता येत नाहीत.

पी-५३ चं, म्हणजे पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनाचं, तर आणखी विचित्र. निरोगी पेशीत हे प्रथिन लगेच मोडलं जातं. जनुक बिघडलं की बहुतेकदा ते साचतं आणि केंद्रकं गडद रंगतात. पण काही बिघाडांत ते अजिबात तयारच होत नाही, आणि काच कोरी दिसते. त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ने मला फारसं काही कळत नाही, किती पेशींत आणि किती गडद, ते हवं.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच राहिली आहे: कॅन्सरचा प्रकार. लाळग्रंथीत वीसहून जास्त प्रकारचे कॅन्सर होतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. लो-ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली कमी आक्रमक दिसणारा) म्युकोएपिडरमॉइड नीट कापून काढला की बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक हळू वाढतो, त्यात केआय-६७ बऱ्याचदा कमीच असतं, पण तो नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात उगवू शकतो; तिथे कमी आकड्यावर निर्धास्त राहणं चूक. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा मुळातच आक्रमक, त्यात ३० बघून मला आश्चर्य वाटणार नाही.

आजार दुर्मीळ असल्याने बऱ्याच अभ्यासांत रुग्ण थोडे, त्यात कित्येकदा सगळे प्रकार एकत्र मिसळलेले, आणि ‘जास्त’ कुणी १० ला म्हणतं तर कुणी २० ला. निष्कर्ष जुळत नाहीत ते यामुळे. मी स्वतः रिपोर्ट वाचताना आधी प्रकार आणि ग्रेड बघते, मग गाठीचा आकार, मानेतल्या लसिकाग्रंथी, कापलेली कड मोकळी आहे का, नसेत शिरलाय का. केआय-६७ त्यानंतर.

काही प्रथिनं मात्र उपचाराच्या कामाची असतात. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात अँड्रोजन रिसेप्टर आणि हर-टू जरूर तपासायला हवेत, कारण आजार पसरला किंवा उलटला तर त्यांच्यावर नेम धरणारी औषधं आहेत. सिक्रेटरी कार्सिनोमात एनटीआरके जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं सापडलं तर तशाच वेळी लॅरोट्रेक्टिनिब हे औषध देता येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये प्रकार यातला असेल आणि या चाचण्या केलेल्या दिसत नसतील, तर डॉक्टरांना थेट विचारा. मेणाचे ते ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. वडिलांना सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.