आकाश की हवामान? सध्या फिजिक्स

‘मुलगी बारावी सायन्सला आहे. २०१९च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून तिला पाऊस-ढगांचं वेड. रात्री मात्र गच्चीवर दुर्बीण घेऊन बसते. क्लासचे सर म्हणतात, एक काय ते ठरव. काय सांगू?’ – एक आई, सांगली

ताई, सरांना म्हणावं, घाई नको.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन हे नाव तिने ऐकलं असेल. शिकागो विद्यापीठात त्यांनी आधी फिजिक्समध्ये एमएस केलं, मग १९६०मध्ये खगोलशास्त्रात पीएचडी. त्या काळात शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी विलक्षण उष्णता दाखवत होत्या. ती येते कुठून, यावर वाद होता. सेगन यांनी हिशेब मांडला: जमीनच तापलीय, वरचं दाट वातावरण उष्णता बाहेर पडू देत नाही. पुढे यानं शुक्रावर उतरली आणि ते खरं निघालं; तिथे सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आहे. आता हे खगोलशास्त्र म्हणायचं की हवामानशास्त्र? त्यांचे गुरू जेरार्ड कायपर यांनी १९४४मध्ये शनीच्या टायटन या उपग्रहाच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) मिथेन वायू शोधला, म्हणजे तिथे वातावरण आहे हे दाखवलं. आपल्याकडेही कोडाईकनालची सौर वेधशाळा १९७१पर्यंत हवामान खात्याकडेच होती.

म्हणजे दोन्ही वाटांचा पाया एकच; म्हणून आता फक्त फिजिक्स आणि गणित. आयसर पुणे या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयसरची स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाही जमलं तर सांगलीतच चांगली बीएस्सी करून जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही. सोबत पायथन ही संगणकाची भाषा शिकू दे. फाटा एमएस्सीच्या वेळी फुटेल: पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, पुण्यातच पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, तर ग्रहांच्या वातावरणावर अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेत काम चालतं.

एक गोष्ट तुमच्यासाठी. पीएचडी होईपर्यंत ती सत्तावीस-अठ्ठावीसची होईल. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, पण कायम नोकरीला त्यापुढेही वेळ लागतो. घरात लग्नाचा विषय निघेलच. तेव्हा तिची बाजू तुम्हालाच घ्यावी लागेल.

आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिला नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहता येतील आणि तिथल्या संशोधक मुलामुलींना तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.