फी बघून पान बंद करू नकोस

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, “मावशी, रेडिओग्राफी (एक्स-रे काढायचं शिक्षण) शिकायला इथल्या न्यूजर्सीतल्या कौंटी कॉलेजची फी बघितली, बारा महिन्यांच्या पगाराशी ताडून पाहिली आणि पान बंद केलं.” तेव्हा मी शिफ्टवर होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता सावकाश लिहितेय.

ते पान पुन्हा उघड, पण फीचं नको. आधी फॅफ्सा, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी मदत मागायचा अर्ज, भरायचा. तो फुकट असतो. ‘भरून देतो, शंभर डॉलर द्या’ म्हणणारे एडिसनमध्ये भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार कर.

“आईबाबांच्याच घरात राहते, मग त्यांचा पगार धरतील ना?” असं तू विचारलंस. नाही धरत. वयाची 24 वर्षं झाली की फॅफ्साच्या हिशेबात तू स्वतंत्र. मग जेवण आईच्या हातचं असो की बाबांच्या गाडीतून कामावर जात असशील. मोजतात ती फक्त तुझी कमाई, आणि लग्न झालं असतं तर नवऱ्याची. आपल्या घरांत सव्वीस वर्षांच्या अविवाहित मुलीला ‘स्वतंत्र’ म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, पण सरकारची वळते. त्याचा फायदा घे.

दुसरं म्हणजे तुझं अर्धवट राहिलेलं बीकॉम. एसवाय करून इकडे आलीस आणि पदवी राहिली म्हणून तुझी आई अजून हळहळते. तिला सांग, ते तुझ्या पथ्यावर पडलंय. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, पहिली पदवी नसलेल्यांनाच मिळते. माझी जाऊ पुण्याची बीए. तिला वाटलं, भारतातली पदवी इथे कोण विचारतंय! पण पदवी ती पदवीच, पेल मिळाली नाही. तू बारावी पास आहेस, ग्रीनकार्ड आहे, पदवी नाही. म्हणजे तिन्ही गोष्टी जुळतात. (एच-4 वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असतीस तर हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.)

पेल म्हणजे कर्ज नव्हे, परत करायची नसते. 2025-26 साठी ती जास्तीत जास्त 7,395 डॉलर आहे. पूर्णवेळ 12 क्रेडिट्स (प्रत्येक विषयाला ठरलेले गुणांक) घेतलीस तर पूर्ण, 6 घेतलीस तर साधारण निम्मी. त्यावर न्यूजर्सी राज्याची टॅग नावाची ग्रँट, आणि तरीही फी उरलीच तर कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट. वार्षिक उत्पन्न 65,000 डॉलरच्या आत असेल आणि सेमिस्टरला निदान 6 क्रेडिट्स घेत असशील, तर ही ग्रँट कॉलेजची उरलेली फी भरते. वेअरहाउसच्या पगारात तू 65,000 च्या कितीतरी आत आहेस. फॅफ्सात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात. तेव्हा ओव्हरटाइम बराच असेल आणि आता तास कमी झाले असतील, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन तसं सांग, पगाराच्या स्लिपा दाखव. त्यांना आकडा बदलायचा अधिकार असतो, पण विचारल्याशिवाय कुणी बदलत नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. मी एकतिसाव्या वर्षी कॉलेजात गेले. पहिल्याच सेमिस्टरच्या पाचव्या आठवड्यात इचलकरंजीहून फोन आला, वडिलांना ॲडमिट केलंय. मी सगळे विषय सोडले आणि विमान पकडलं. दोन महिन्यांनी परत आले तर टपालात कॉलेजचं बिल! ग्रँटमधून फी भागली होती ना, मग हे कशाचं? तर सेमिस्टरचा साठ टक्के काळ पार होण्याआधी सगळंच सोडलं, की ग्रँटचा न शिकलेल्या काळापुरता भाग परत जातो आणि ती फी आपल्या नावावर येते. पंधरा आठवड्यांत साठ टक्के म्हणजे नऊ आठवडे. बिल फिटेपर्यंत नवं रजिस्ट्रेशन बंद. ते फेडण्यात माझं वर्ष गेलं. जायलाच हवं होतं, मी गेलेच असते. पण जाण्याआधी एड ऑफिसात दहा मिनिटं बसले असते, तर एखादा विषय ऑनलाइन चालू ठेवता येतो का, एवढं तरी कळलं असतं.

म्हणून उत्साहाच्या भरात पहिल्याच खेपेला बारा क्रेडिट्स घेऊ नकोस. रेडिओग्राफीच्या मुख्य वर्गात शिरण्याआधी गणित, इंग्रजी, ॲनाटॉमी असे विषय लागतात. ते नोकरी सांभाळून सहा-सहा क्रेडिट्सने होतात. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घे, एखादा विषय त्यातूनच सुटला तर बरंच. खरी कसोटी पुढे. हॉस्पिटलमधलं क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, सुरू झालं की ते दिवसाचं असतं, तुझी दिवसाची शिफ्ट जाते. फी भरणारे भेटतात, बुडालेला पगार भरून देणारं कुणी भेटत नाही. आत्तापासून दर पगाराला थोडे बाजूला टाकायचे ते त्या महिन्यांसाठी, फीसाठी नव्हे. एचआरलाही विचारून ठेव. कंपनीने शिक्षणाला दिलेली मदत वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त असते, त्यामुळे बऱ्याच कंपन्या ती देतात.

पुस्तकं विकत घेऊ नकोस, निदान पहिल्या आठवड्यात तरी. आधी लायब्ररीत रिझर्व्हला, म्हणजे विद्यार्थ्यांना तिथेच वाचायला ठेवलेली, आहेत का बघ. ॲनाटॉमीचं ओपनस्टॅक्स या संस्थेचं पुस्तक तर ऑनलाइन फुकटच आहे.

रविवारी अकरापर्यंत ये. सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीनकार्ड, टॅक्स रिटर्नची प्रत घेऊन ये. लॅपटॉप माझा आहे. पोहे करते. आणि दिवाळीत चिवडा भरून दिलेला तो स्टीलचा डबा आठवणीने आण.

तुझी,
मावशी