साडी आणि टोप चढवला की स्त्रीपार्टी होत नाही

तुम्ही विचारलंय: एकांकिकेत १८८०च्या सुमाराचा स्त्रीपार्टी नट दाखवायचाय, तर पुरुष तेव्हा बाईचं रूप कसं घेत आणि प्रेक्षकांना ते खरं कसं वाटे? 'साडी नेसवा, टोप घाला, झालं' असं सांगणारे तुम्हाला भेटलेच असतील. त्यांचं ऐकू नका.

आधी काळ नक्की करा. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा. सीता झालेल्या मुलाला गाण्याची गरजच नव्हती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक 'शाकुंतल' आलं आणि नट स्वतः गाऊ लागले. स्त्रीपार्टीचं सगळं गणित तिथे बदललं. गोरागोमटा मुलगा पुरेना, गळा हवा. बडोद्याहून आणलेले नट भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांच्याच 'सौभद्रा'त सुभद्रा झाले ते त्या चढ्या, पल्लेदार आवाजावर. म्हणून तुमचं पात्र १८८०च्या आधीचं की नंतरचं, हे ठरवल्याशिवाय संवादाची एक ओळही लिहू नका.

आता नेसणं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंचांची. मुलगा साडेपाच फुटांच्या वर असला की काष्टा ओढताच पोटऱ्या उघड्या पडतात आणि प्रेक्षकाची नजर तिथेच जाते. उपाय असा: कमरेला आधी जाड सुती नाडी घट्ट बांधा. साडीची गाठ बेंबीच्या दोन बोटं खाली मारा. निऱ्या मोठ्या घ्या, लहान घेतल्या तर पायात ताण येतो. काष्टा ताणू नका, सैल ठेवून नाडीत खोल खोचा. नाडी नसेल तर तो सैल काष्टा दुसऱ्या प्रवेशात सुटलाच म्हणून समजा. पुरुषाची कंबर सरळ असते, म्हणून नाडीखाली दोन्ही बाजूंना जुन्या धोतराची चार पदरी घडी ठेवा. चोळीत मात्र कमी भरा. फुगवलेली छाती दिसली की प्रेक्षक हसतो, आणि तुम्हाला हसू नकोय.

खांदे झाकायला पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या. कंठमणी ठुशीने किंवा चिंचपेटीने झाकतो. दागिना घालायचा तो त्यासाठी, मिरवायला नव्हे. बांगड्या दोन-आठच्या चढत नसतील तर दोन-दहाच्या आणा. साबण लावून लहान बांगडी चढवली तर ऐन वेळी फुटते. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घ्या. कानांची अडचण तेव्हा फारशी नव्हती, कारण मुलांचेही कान लहानपणीच टोचत. डोक्याची होती. शेंडी ठेवून बाकी डोकं भादरायची रीत, म्हणजे केस वाढवायचे नाहीतर केसांचा टोप आणि गंगावन, म्हणजे खोट्या केसांची वेणी.

चेहऱ्याचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे दाढीचा निळसर पट्टा. नुसता सफेदा फासला की तो राखाडी दिसतो. आधी पिवडीत, म्हणजे पिवळ्या रंगात, हिंगुळासारखी तांबूस छटा मिसळून मिशीच्या जागी आणि हनुवटीवर पातळ हात द्या, वाळू द्या, मग पांढरा. हे सगळं आजच्या रंगाने करा. जुना हिंगूळ पाऱ्याचा असतो, तो चेहऱ्याला लावू नका. तेव्हाच्या तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यात जाड थरही खपायचा, तुमच्या एलईडीत खपणार नाही.

खरं अवघड असतं ते चालणं. टाच आपटली की सगळी मेहनत गेली. मुलाला महिनाभर घरी नऊवारीतच वावरू द्या, पाणी भरायला लावा, जमिनीवर बसून उठायला लावा. पदर सावरायचा तो विसरून, आपसूक. ठरवून सावरलेला पदर लगेच कळतो.

प्रेक्षकांना खरं का वाटायचं? माझं मत रोखठोक आहे: तो मुलगा बाईची नक्कल करत नव्हता, शकुंतला करत होता. आज मुलगा साडीत आला की त्याच्याकडून आपण विनोदच मागतो, आणि तिथेच मार खातो. तमाशात बाईच्या वेषात नाचणाऱ्या नाच्या पोऱ्याचं काम आणि स्त्रीपार्टीचं काम एक समजू नका, हेही सांगून ठेवते.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. ही कला फुलली ती 'घरंदाज' बाईला रंगमंच बंद होता म्हणून. १९३३मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, तोवर या दारावर बरीच वर्षं धडका बसत होत्या. तुमच्या एकांकिकेत तो नट गात असताना बायकांच्या बाजूला बसलेली एखादी मुलगी ते पद ओठातल्या ओठात म्हणताना दाखवता आली तर बघा.