रबर बदलायच्या आधी दाराचं पॅड काढा

प्रश्न : माझी वॅगनआर २०१३ची. मे महिन्यात पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. पाऊस सुरू झाला तसं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट रोज ओलं सापडतंय, आणि खड्ड्यातून गेलं की तेच दार खडखडतं. मेकॅनिक म्हणतो काचेचं रबर गेलंय. दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, घरी काढून बघता येईल का? तुटण्याची भीती वाटते.
– एक वाचक, कराड

उत्तर : रबरावर पैसे घालू नका अजून. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात जातंच, नवीकोरी गाडी असली तरी जातं, आणि दाराच्या तळाला जी बारीक भोकं असतात त्यातून रस्त्यावर पडतं. ते आत तुमच्या पायावर येऊ नये म्हणून पॅडच्या मागे, पत्र्याला काळ्या चिकट डिंकाने एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरवाले घाईत तो ब्लेडने फाडतात आणि तसाच लोंबता सोडतात. मे महिन्यात कुणाला कळणार?

पॅड घरी निघतं. इग्निशन बंद करा. नवीन गाडी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढा, काही गाड्यांत दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. मग स्क्रू शोधा, आणि इथेच लोक फसतात. दार ओढायच्या खाचेत, आतल्या हँडलच्या वाटीत, कधी नखाएवढ्या प्लास्टिकच्या टोपीखाली. मी पहिल्यांदा केलं तेव्हा टोपीखालचा एक राहिला होता, मी आपला जोर लावतोय लावतोय, शेवटी कट्कन आवाज आला तो पॅड पत्र्यात धरून ठेवणाऱ्या क्लिपचा नाही, पॅडचाच. अजून ती चीर आहे.

हाताने फिरवायचं काचेचं हँडल असेल तर त्याला स्क्रू दिसणार नाही. त्याच्या मागे तारेची छोटी क्लिप असते. जुन्या सुती फडक्याची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधे घालायची, दोन्ही टोकं धरून चप्पल पॉलिश करतो तसं इकडून तिकडे ओढायचं, दोन-चार झटक्यात क्लिप टपकन उडते. कुठे उडते ते बघा, नंतर अर्धा तास सीटखाली शोधावी लागते.

आता पॅडच्या खालच्या कोपऱ्यात बोटं घालून पॅडची क्लिप जिथे आहे तिथेच हिसका द्या, मधेच ओढलं तर पॅडचा पुठ्ठा फाटतो. सगळ्या सुटल्या की पॅड सरळ वर उचला, ते काचेच्या फटीत अडकवलेलं असतं. आणि लगेच लांब नेऊ नका, मागे स्विचच्या वायरी आहेत, कनेक्टरची जिभली दाबून सोडवा.

मग काच वर ठेवून बाहेरून तांब्याने पाणी ओता आणि आतून बघत बसा. जिथून आत ओघळतंय तिथे कागद फाटलाय किंवा सुटलाय. तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा, दार हलवल्यावर खळखळ आवाज येत असेल तर नक्की बुजलीयेत. फाटका कागद सेलोटेपने जोडू नका, आठवडाही टिकत नाही. जाड पॉलिथिनचा नवा तुकडा कापा आणि ब्यूटाइल टेपने, म्हणजे डिंकासारख्या चिकट रबरी पट्टीने, चिकटवा, खालची कडा पाणी दाराच्या आतच पडेल अशी मूळ होती तशीच ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर अजिबात नको, पत्रा गंजतो त्याने.

खडखड बहुतेक तुटलेल्या क्लिपांची किंवा मोकळ्या लोंबणाऱ्या स्पीकरच्या वायरीची असणार. वायरीला फोमची पट्टी गुंडाळा. क्लिपा दुकानात सुट्या मिळतात, जुनी नमुन्याला न्या आणि चार जास्तच आणा. पत्र्यात अडकून राहिलेल्या आधी काढून परत पॅडला लावा. बसवताना पहिल्यांदा कनेक्टर लावून काच वरखाली करून बघा, मग वरची कडा फटीत, मग तळहाताने थापट्या मारत एकेक क्लिप भोकावर धरून, स्क्रू सगळ्यात शेवटी.

आणि मॅट वाळलं तरी कार्पेट उचलून बघा, खालचा जाड थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, दिवसभर कोरड्या जागी दारं उघडी ठेवून त्याच्याखाली रद्दी पेपर घाला, ओले झाले की बदला.